डोंगरातल्या पायपिटीचा शिधा : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किती उपयोगाचा?

गोव्यात सत्तरीतून निघून धारबांदोडा, सांगे असं करत काणकोणपर्यंत घाटाच्या पायथ्याने आठ-दहा दिवस पाठपिशवी घेऊन चालायचं असेल, तर शिध्यासाठी आधी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठावा. ट्रेकिंगच्या दुकानातली महागडी पाकिटं नंतर बघता येतील, आणि बहुतेक वेळा बघावी लागत नाहीत. दमट हवेत टिकणारं, वजनाला हलकं, कमी पाण्यात आणि कमी गॅसवर होणारं अन्न इथे सुटं मिळतं. हातात घेऊन, मोडून, हुंगून घेता येतं.

याचं कारण साधं आहे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी घराघरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरायची रीत आहे. सुके मासे, सोलं (आमसुलं), मिरच्या, चिंच, कडधान्यं, आंब्याफणसाची साटं (वाळवलेल्या पोळ्या), गूळ हे सगळं जून ते सप्टेंबरच्या ओलीत, फ्रीजशिवाय टिकेल अशा बेताने वाळवलेलं असतं. चार महिने मडक्यात टिकणारा जिन्नस चार दिवस पिशवीत टिकतोच. तरी सगळंच्या सगळं डोळे मिटून उचलू नये. घरी चुलीपाशी बसून खायचं आणि दिवसभर चालून थकल्यावर एका भांड्यात शिजवायचं, यात फरक आहे.

आधी वजनाचा हिशेब. गोव्याच्या उन्हात चालताना भूक मरते, पण अंगातल्या ताकदीचा खर्च चालूच असतो. एका माणसाला दिवसाला सुमारे ६५० ग्रॅम कोरडा शिधा पुरतो. पोहे ८०, तांदूळ १२०, डाळ किंवा कुळथाची पिठी ५०, सत्तू किंवा नाचणीचं सत्त्व ६०, काजू-शेंगदाणे-फुटाणे मिळून १२०, सुकेळी (वाळवलेली केळी) ६०, गूळ ५०, सुकं खोबरं ३०, तूप ३०, दूध पावडर ३०, जवळा २० ग्रॅम. याच्या अंदाजे २७०० कॅलरी होतात. तयार डाळ-भाजीचं उकळत्या पाण्यात गरम करायचं पाकीट तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातला मोठा भाग पाणीच. ते पाणी पाठीवरून वाहायचं, वर रिकामं चिकट पाकीट परत आणायचं. एका जेवणासाठी हा सौदा परवडत नाही. बाजारात काहीही घेताना हाच विचार करावा : यात पाणी किती, आणि शिजवायला आणखी किती लागेल? टोमॅटो, ओला नारळ, काकडी यांना पहिल्या दिवसापुरतीच जागा.

सकाळी आठच्या सुमारास पोचलेलं बरं. दहानंतर गर्दी इतकी होते की सुक्या मासळीकडे वाकून नीट बघताही येत नाही. एका हातात तराजू धरणाऱ्यांपेक्षा वाटे मांडून बसलेल्या बायका इथे जास्त. वाट्याचं वजन ठरलेलं नसतं, म्हणून घरी येऊन काट्यावर तोलल्याशिवाय दिवसवार पुड्या बांधू नयेत. स्वतःच्या कापडी पिशव्या आणि झाकणाचा एक डबा न्यावा. डबा सुक्या मासळीसाठी, नाहीतर परतीच्या बसमध्ये शेजारचा प्रवासी उठून जाईल.

सुकी मासळी हा या बाजाराचा सर्वात जमेचा भाग, आणि चूकही इथेच जास्त होते. खारवलेला सुका बांगडा दिसायला भरदार असतो, पण तो अर्धा तास पाण्यात ठेवून मीठ काढावं लागतं. ते पाणी फेकायचं, आणि तरीही रात्रभर तहान लागते. ओढा आटलेल्या फेब्रुवारीत ही चैन नको. मोरी, दोडी ही खारवलेली मासळीही तशीच. घ्यायचा तो मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा, म्हणजे आपला गालमो, किंवा जरा मोठी सुकी सुंगटं. चिमूटभर हातात घेऊन मोडून बघावा. नीट वाळलेला कडकडीत तुटतो, वाकणारा ओला आहे, आणि तो बंद पुडीत दोन दिवसांत बुरसतो. वास समुद्राचा यावा. नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर तो वाटा सोडून पुढे जावं, कारण वाळण्याआधीच मासळी खराब झालेली असते. तळहातावर चोळून वाळूचे कणही बघावेत. वाळूवर पसरून वाळवलेल्यापेक्षा जाळीवर वाळवलेला स्वच्छ असतो. सुंगटांची डोकी, शेपट्या आणि पाय काढल्यावर वजन बरंच उतरतं, म्हणून लागतील त्याच्या दीडपटीहून थोडी जास्तच घ्यावीत. गालम्याला ही साफसफाई लागत नाही, चाळणीत हलवला की झालं. पायपिटीसाठी म्हणूनच तो सोयीचा.

घरी आणल्यावर जवळा मंद आचेवर लोखंडी तव्यात सहा-सात मिनिटं कोरडा भाजायचा. बोटांनी चुरला जायला लागला की उतरवायचा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बांधायचा नाही. गरम बांधला की पुडीच्या आत वाफ धरते आणि भाजण्याची सगळी मेहनत वाया जाते. मग त्यात किसून भाजलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि वाळवून कुटलेल्या सोलांची पूड मिसळायची. ही कोरडी किसमूर भातावर तशीच घेता येते, शिजवायची गरज नाही. ओल्या खोबऱ्याची चव यात येणार नाही, पण ओलं खोबरं संध्याकाळपर्यंतच आंबतं. कांदा असेल तर खातेवेळी चिरून घालावा, आधी मिसळू नये.

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी चोरीसची माळ आहे. मिरची, व्हिनेगर आणि मिठात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस फ्रीजशिवाय टिकतं, पण माळ दाबून बघावी. बोटाला कडक लागणारी घ्यावी. मऊ, ओलसर माळ ताजी असते, ती घरच्या जेवणाची. चोरीस कच्ची असते आणि पूर्ण शिजवूनच खायची, हे नवख्यांना सांगावं लागतं. शिजताना तिची चरबीच इतकी सुटते की वेगळं तेल लागत नाही, दोन मणी आणि भात एवढ्यात जेवण होतं. उन्हात मात्र हीच चरबी पाझरते. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्याशिवाय ती पिशवीत ठेवू नये.

आता कुळीथ. पायपिटीच्या संध्याकाळसाठी कुळथाच्या पिठीइतका कामाचा जिन्नस या बाजारात दुसरा नाही, आणि तिच्याकडे लक्ष सर्वात कमी जातं. कुळीथ भाजून दळलेला आहे ना, हे विचारून घ्यावं. भाजलेल्या पिठाचा रंग तांबूस-तपकिरी असतो आणि खमंग वास येतो. कच्च्या कुळथाचं पीठ फिकट असतं, शिजायला वेळ घेतं, आणि अर्धवट शिजलं की रात्री पोट फुगतं. एका माणसाला ४० ते ५० ग्रॅम पीठ आणि ४०० मिलि पाणी. पीठ घरीच हळद, तिखट, मीठ आणि वाळवलेल्या लसणाच्या कापांसह एकत्र करून ठेवावं. मुक्कामावर आधी गार पाण्यात पीठ कालवायचं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात, त्या बाहेरून शिजतात आणि आत कच्च्या राहतात. भांड्यात चमचाभर तूप तापवून मूठभर जवळा परतायचा, त्यावर कालवलेलं पीठ ओतायचं, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, मग मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. शेवटच्या दोन मिनिटांत दोन सोलं. सोलं आधी घालू नयेत. पातळ अल्युमिनियमच्या भांड्यात आंबट फार वेळ उकळलं तर धातूची चव उतरते.

तांदळाच्या बाबतीत मनाला आवर घालावा लागतो. उकडे तांदूळ गोव्याच्या माणसाच्या जिवाभावाचे, आणि पेज म्हणजे थकल्या पोटाला औषध, हे खरंच आहे. पण उकडा भिजवून ठेवला तरी त्याला अर्धा-पाऊण तास आच हवी. लहान गॅसच्या शेगडीवर एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो. पिठी, पातळ तांदूळ आणि सकाळचा चहा धरून एकट्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पुरतो, म्हणजे २३० ग्रॅमचा एक डबा आठवडाभर येतो. रोज उकडे शिजवले तर तोच डबा तीन-चार दिवसांत संपतो. म्हणून कोलमसारखा पातळ सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ घ्यावा, तासभर भिजवावा, आठ-दहा मिनिटं उकळावा, आणि झाकण लावून जाड टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवावा. उरलेलं काम आतली वाफ करते. पेजेची फारच ओढ असेल तर उकडे घरी शिजवून, ताटात पातळ पसरून दोन कडक उन्हं दाखवून पुन्हा कडकडीत वाळवता येतात. मुक्कामावर ते गरम पाण्यात वीस मिनिटांत फुगतात. दाणा थोडा मोडतो, पण पेजेला ते चालतं.

सकाळी चहा सोडून कशासाठी शेगडी पेटवूच नये. जाडे पोहे धुवून दूध पावडरीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, त्यात गूळ आणि खोबऱ्याचे काप. साडेसहाला चालायला लागता येतं आणि ऊन चढायच्या आत दिवसातली अर्ध्याहून जास्त वाट कापली जाते. पातळ पोहे पिशवीत चुरा होतात, जाडेच घ्यावेत.

गुळाबद्दल एक सूचना. माडाचा काळा, सुळक्यासारख्या आकाराचा गूळ चवीला फार सुंदर, पण हवेतली ओल तो झपाट्याने ओढतो आणि तिसऱ्या दिवशी पुडीत पाक होतो. तो न्यायचाच असेल तर २५ ग्रॅमचे खडे करून एकेक खडा बटर पेपरात गुंडाळावा. उसाचा कडक, पिवळा गूळ कमी त्रास देतो. साखरेच्या पाकातल्या बाजारी मिठाईपेक्षा खाजे बरे : बेसन, गूळ, आलं, तीळ, आणि दाताखाली कुरकुरीत. भौगोलिक मानांकन मिळालेला हा पदार्थ जत्रेपुरता ठेवू नये. दुपारी चढावर दोन खाजे खाल्ले की अंगात बळ येतं. फक्त उन्हात ते एकमेकांना चिकटतात, तेव्हा पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवू नयेत.

काजू अख्खे घेण्यात पैसे घालवू नयेत. तुकड्यात ताकद तेवढीच असते आणि भाव कमी. सालासकट भाजलेले जास्त दिवस कुरकुरीत राहतात. सुकेळी दाबून बघावीत : मऊ पण कोरडी हवीत, बोटाला रस लागला तर नकोत. केळीच्या पानात बांधलेली असतील तर घरी पान काढावं, कारण बुरशी पानाखालूनच सुरू होते. फणसाची आणि आंब्याची साटं हलकी, पोटभरीची, आणि दोन बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा जास्त कामाची. काही ठिकाणी त्यात साखर फार घालतात. चाखून घ्यावं, इथे कुणी नाही म्हणत नाही.

पावाचं सांगायचं तर पोई आणि उंडे पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या रात्री त्यांवर बुरशीचे ठिपके दिसतात. कांकणं, म्हणजे पोदेराकडची (पाववाल्याकडची) बांगडीसारखी कडक पाव-कडी, चहात बुडवून चार दिवस खाता येतात, पण जागा खूप अडवतात. दोरीत ओवून पिशवीच्या बाहेर टांगली तर पावसाचं आणि माकडांचं भय. मोजकीच घ्यावीत.

सोलं या यादीतली लहान पण फार मोलाची वस्तू. उन्हात चालताना घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पिऊन डोकं जड होतं. लिटरभर पाण्यात पाच-सहा सोलं, पाव ते अर्धा चमचा मीठ, दोन चमचे साखर किंवा गूळ, चिमूटभर जिरेपूड. पंधरा मिनिटांत रंग उतरतो. पण पाणी क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करत असाल, तर सोलं गोळीबरोबर कधीच टाकू नयेत. फळातली द्रव्यं क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतू तसेच राहतात. गोळी टाका, पूर्ण अर्धा तास जाऊ द्या, मगच सोलं. गढूळ पाणी आधी जाड कापडातून दोनदा गाळून घ्यावं, गढूळपणाही क्लोरीनचा जोर मारतो. आणि हे आंबट पाणी अल्युमिनियमच्या बाटलीत भरू नये. सोलं घेताना मिठाने पांढरी झालेली नकोत, वजनात मीठच विकत घ्यावं लागतं. गडद जांभळी, लवचिक, किंचित चिकट सोलं चांगली.

तूप की खोबरेल, हा गोव्यात प्रश्नच असतो. दोन्ही इथल्या दुपारी पातळ होतात आणि दोन्ही गळतात. फिरकीच्या झाकणाची १०० मिलिची जाड प्लास्टिक बाटली, झाकणावर चिकटपट्टी, वर एक झिपची पिशवी. तेलाचा एक थेंब झोपायच्या पिशवीला लागला की मुंग्यांची रांग रात्रभर थांबत नाही.

काय मिळत नाही तेही माहीत असावं. फिरकीचा गॅसचा डबा, त्याची शेगडी, पाणी गाळायचं यंत्र हा या बाजाराचा विषयच नाही, ते खेळसामानाच्या मोठ्या दुकानातून आधीच आणावं. सत्तू गोव्यात सहज दिसत नाही. फुटाणे घेऊन घरी सालं काढून दळावेत, तेच सत्तू. शुक्रवारी सगळं एकदम घेताना कीड लागलेला जिन्नस नजरेतून सुटतो. रवा, पीठ, तांदूळ घरी आल्यावर बंद डब्यात तीन दिवस फ्रीझरला ठेवावेत, टोक्यांची अंडी मरतात. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतली ओल आतल्या गार जिनसांवर बसते.

सगळं एकाच वेळी वाहायची गरज नाही. वाळपई, मोले, सांगे, काणकोणचं चावडी गाव या ठिकाणी पुन्हा भरणा होतो, म्हणून पाठीवर तीन-चार दिवसांचाच शिधा, म्हणजे दोन ते अडीच किलो. मधल्या गावातल्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, पोहे, अंडी, कांदे, बिस्किटं, चहा-साखर मिळते. जवळा, कुळथाची पिठी आणि चांगली सोलं मिळतीलच असं धरून चालू नये, ती म्हापशातूनच पूर्ण प्रवासाची घ्यावीत. हलकी असल्याने भारही होत नाही. दिवसवार पुड्या कराव्यात, आणि दोन पुड्या पूर्ण शिवराक (शाकाहारी) ठेवाव्यात, सुक्या मासळीच्या डब्याला न लागलेल्या. गावात मुक्कामाला देवळाच्या अग्रशाळेची (उतरायच्या खोल्यांची) किंवा सभामंडपाची परवानगी मिळाली, तर तिथे जवळा बाहेर काढायचा नाही, भांडंही त्या वासाचं नको. सोमवारी तर कुणाच्या अंगणातही विचारल्याशिवाय मासळी भाजू नये. नुसत्या लसणाची पिठी आणि भात त्या रात्रीला पुरेसा आहे, आणि यजमानांनाही वाढता येतो.

रानाजवळ मुक्काम असेल तर सुकी मासळी दोन झिपच्या पिशव्यांत, वर झाकणाचा डबा, आणि हे सगळं झोपायच्या जागेपासून दूर फांदीला टांगलेलं असावं. म्हादई आणि नेत्रावळीच्या रानात अस्वलं आहेत, आणि त्यांच्या नाकापुढे आपल्या पिशव्यांचा टिकाव लागत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक शक्यतो मुक्कामाच्या अर्धा किलोमीटर अलीकडे, पाण्याजवळ उरकून घ्यावा, भांडी पाण्यापासून बाजूला धुवावीत आणि मग पुढे जाऊन झोपावं. ही दोन्ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झालेली आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये, आणि परवानगी असली तरी लाकडाची चूल पेटवायचीच नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या आगी गोव्याने बघितल्या आहेत. म्हणूनच वर गॅसचा हिशेब ग्रॅममध्ये दिला आहे. गॅस संपला तर पोहे, फुटाण्यांचं पीठ, खाजे, साटं आणि सोलांचं पाणी यावर पुढचं गाव येईपर्यंत दोन दिवस सहज निघतात.